पाच-दोन म्हणजे कोणती तारीख?

आमच्या घरात तारखा सांभाळण्याचे काम पहिल्यापासून बायकांकडे आहे. गाय कधी दाखवली, म्हैस कधी विणार, कोंबडी अंड्यांवर कधी बसवली, सारे आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, तोंडावर असते. त्यांना लिहिता येत नाही. गाय फळली की त्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूची एक रेघ ओढतात आणि पुढे दर अमावस्येला तिच्याजवळ एक ठिपका देतात. नऊ ठिपके झाले की कंदील घेऊन रात्री एकदा गोठ्यात फेरी मारायला लागतात. इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही.

मी शिकून आलेली सून. लग्नाआधी तळेगावात संगणकाचा वर्ग केला होता. तेव्हा गुलाबाच्या तारखांची वही आपोआपच माझ्या हाती आली. आणि शिकलेल्या सुनेच्या हातून एका तारखेचा असा घोळ झाला की तीन रात्री घरात कोणाला झोप नव्हती. तीच हकीकत आज सांगते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता मुले-सुना मालाच्या ऑर्डरी संगणकात किंवा मोबाईलमध्ये ठेवू लागल्या आहेत. माझी ठेच त्यांच्या उपयोगी पडावी, एवढीच इच्छा.

आमचे गाव पवन मावळात, तिकोना किल्ल्याच्या अंगाला. पवना धरण झाले १९७२ साली, त्याच्या पाण्यावर या भागातली शेती फुलली. मूळ पीक भाताचे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी भात बाहेर पडला आणि मावळचा तांदूळ म्हणजे इंद्रायणी अशी ओळखच झाली. भाताच्या तारखा आम्हाला कोणी शिकवाव्या लागत नाहीत. २५ मेला रोहिणी लागते तेव्हा धूळवाफेची पेरणी, मृगाच्या पावसावर रोप वर येते, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी. पेरणीपासून साडेचार महिन्यांच्या बेताने कापणी. ही सगळी मोजणी पुढे जाणारी. पाऊस पडला की तिथून धरायचे. पाऊस आठ दिवस लांबला तर सगळेच आठ दिवस लांबते, आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही.

गुलाबाचे तसे नाही. तळेगावला एमआयडीसीचे फुलशेतीचे पार्क झाले, पणन मंडळाचे फलोत्पादन प्रशिक्षण केंद्र झाले आणि मावळातल्या गावोगावी पॉलिहाऊसची पांढरी छपरे दिसू लागली. आमच्या यांनीही त्या केंद्रात प्रशिक्षण घेतले आणि कर्ज काढून वीस गुंठ्यांचे पॉलिहाऊस उभे केले. बारा हजारांच्या आसपास डच गुलाबाची रोपे. वर्षभर फूल पुण्याच्या गुलटेकडीला आणि मुंबईला जाते, पण कर्जाचा हप्ता खऱ्या अर्थाने फिटतो तो फेब्रुवारीच्या फुलावर. १४ फेब्रुवारीला परदेशात प्रेमाचा दिवस पाळतात, आणि आता आपल्याकडच्या शहरांतही. त्या दिवशी जगभर लाल गुलाब लागतो. मावळातून त्यासाठी माल निघतो तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ते दहा-पंधरा दिवस चुकले की तेच फूल निम्म्या भावाने द्यावे लागते.

हे फूल उलटे मोजावे लागते. १४ तारखेला बाईच्या हातात फूल पडायचे तर दुकानात ते नऊ-दहाला हवे. त्याआधी मोठ्या बाजारात, त्याआधी विमानात, त्याआधी मुंबईच्या विमानतळावर. तिथे वनस्पती आरोग्याची कागदपत्रे तयार लागतात आणि कागदावर जितक्या पेट्या तितक्याच गाडीत असाव्या लागतात. गाडी आमच्याकडून निघून लोणावळ्यावरून बोरघाट उतरते. शनिवार-रविवारी किंवा २६ जानेवारीच्या सुट्टीला लोणावळ्याला पर्यटकांची झुंबड असते. घाटात वाहने तुंबली की दोन तासांचे चार तास होतात, तेही मोजणीत धरावे लागतात. गाडीच्या आधी दोन-तीन दिवस तोडणी. तोडलेले फूल पाण्यात ठेवून कोल्ड स्टोरेजला जाते, दोन ते चार अंश थंडीत. मग दांड्याच्या लांबीप्रमाणे निवड आणि वीस-वीस फुलांचे बंच. आणि या सगळ्याच्या आधी कटिंग. फांदी कापली की तिच्यावर नवे फूल तोडणीला यायला पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. म्हणजे ५ फेब्रुवारीच्या गाडीत बसणाऱ्या फुलाची कटिंग डिसेंबरच्या मध्यावर झालेली असली पाहिजे. प्रेमाचा दिवस फेब्रुवारीत, पण आमची कात्री चालते ती मार्गशीर्षातल्या थंडीत.

२०२३ च्या डिसेंबरात आमच्याकडे निर्यातदाराच्या तीन ऑर्डरी होत्या. गाड्या लागायच्या होत्या २६ जानेवारी, ३० जानेवारी आणि ५ फेब्रुवारीला. शेवटची तीन हजार फुलांची, म्हणजे दीडशे बंच, पन्नास सेंटिमीटर दांडा. हे म्हणाले, “अगं, आता वही पुरे झाली. तुझ्या संगणकात टाक सगळं. कुठल्या दिवशी काय तोडायचं ते तूच कागदावर काढून देत जा.” मला मान मिळाल्यासारखे वाटले. जुन्या बाजारातून एक संगणक आणला होता, त्यात तक्त्याचे सॉफ्टवेअर होते. रात्री जेवणे झाल्यावर मी बसले आणि पहिली तारीख टाकली, २६/१. तक्त्याने ती तारीख म्हणून घेतलीच नाही. ३०/१ टाकली, तीही घेतली नाही. मी वैतागून महिन्याचे नाव अक्षरांत टाकले तेव्हा दोन्ही बसल्या. मग ५/२ टाकली. ती मात्र मुकाट्याने बसली. मला वाटले, चला, एक तरी सरळ गेली.

तिथेच घात झाला होता. त्या संगणकावर तारीख लिहिण्याची अमेरिकन पद्धत लावलेली होती. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. सव्विसावा महिना नसतो म्हणून २६/१ ला त्याने नकार दिला. पण ५/२ त्याला बरोबरच वाटली. त्याने ती धरली पाचव्या महिन्याची दुसरी तारीख, म्हणजे २ मे. माझी तीन हजार फुले गुपचूप मे महिन्याच्या यादीत जाऊन बसली. जी चूक ओरडून उठते तिचे माणसाने आभार मानावेत. पहिल्या दोन तारखा अडल्या तेव्हाच मी थांबून ‘का अडल्या?’ असे विचारायला हवे होते. मी फक्त वाट काढून पुढे गेले.

कटिंग मात्र तिन्ही ऑर्डरींची वेळेवर झाली होती, कारण ती यांच्या वहीवरून झाली. त्यामुळे फूल आले. पहिल्या दोन गाड्या सुखरूप गेल्या. मग मी संगणकातून फेब्रुवारीची यादी काढली, ती कोरी निघाली. यांनी विचारले, “पाच तारखेचं काय?” मी म्हणाले, “अहो, यादीत नाही. निर्यातदाराने रद्द केली असेल.” नुसत्या कागदावर माझा इतका विश्वास! त्या वर्षी वसंतपंचमीही १४ फेब्रुवारीलाच होती. लग्नसराईमुळे आपल्याकडेही फुलाला भाव होता. यांनी १ आणि २ फेब्रुवारीचा बहुतेक माल गुलटेकडीला लावून दिला.

३ तारखेला दिवेलागणीला निर्यातदाराचा फोन आला. “वहिनी, परवा दुपारी गाडी येते. तीन हजार तयार आहेत ना?”

मला काय बोलावे कळेना. कोल्ड स्टोरेजला अकराशे फुले होती. झाडावर दोन दिवसांत तोडणीला येतील अशी फार थोडी होती, आणि तीही मोठ्या फोकांची नव्हती.

यापूर्वी आम्ही नुकसान पाहिले नव्हते असे नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तोडलेली फुले खड्ड्यात ओतली होती. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळात आमच्या पॉलिहाऊसचा कागद फाटून शेजारच्या शिवारात गेला होता. तेव्हा रडलो, पण लाज वाटली नव्हती. आभाळाने केले त्याला कोण काय करणार? हे मात्र माझ्या दोन बोटांनी केले होते.

यांनी तोंडातून शब्द काढला नाही, तेच मला जास्त लागले. बोलले ते मामंजी. ओट्यावर बसून सगळे ऐकत होते. म्हणाले, “पोरी, रडायचं मागनं बघू. आदी त्याला फोन लाव आन् खरं सांग. त्याला आत्ता कळलं तर त्यो कायतरी करंल. परवा गाडी दारात आल्यावर कळलं तर त्याचं बी तोंड काळं आन् आपलं बी.”

मी फोन लावला आणि चूक माझी आहे, हे सरळ सांगितले. तो चिडला. त्याने विमानात जागा धरून ठेवली होती. पण शेवटी म्हणाला, “आज सांगितलंत म्हणून कागदपत्रं तरी बदलता येतील. उद्या रात्री नक्की आकडा कळवा.”

मग आम्ही दोघे रात्रीच गाडीवर बसून निघालो. भाताच्या आवणीला सावड करायची आमच्याकडे जुनी रीत आहे. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. गुलाबाला सावड कोणी केल्याचे ऐकले नव्हते. तरी दोन गावांत पाच घरांची दारे वाजवली. आपली निर्यातीची फुले तर कोणी देणार नव्हते, तसे मागणेही बरोबर नव्हते. पण स्थानिक बाजारासाठी ठेवलेल्या मालातून त्याच जातीची, त्याच लांबीची फुले तिघांनी दिली. एक म्हातारी बाई तर म्हणाली, “पैशे नगंत, माझी गाडी अडंल तवा तू दे.” अशी बाराशे जमली. आमची अकराशे धरून तेवीसशे झाली. सातशे कमी पडली ती पडलीच. दुसऱ्या रात्री निर्यातदाराला तेवीसशे हा आकडा कळवला. ५ तारखेला गाडीत तेवढीच भरली आणि कागदावरही तेवढाच आकडा लिहिला. त्या खेपेत आम्हाला नफा राहिला नाही. उसनी फुले पुढच्या दहा दिवसांत फेडली. निर्यातदाराने मात्र दार बंद केले नाही.

महाशिवरात्रीला माझे धाकटे दीर घरी आले. ते तळेगावकडच्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात कामाला आहेत. त्यांना मी सगळा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, “वहिनी, तुमची एक चूक पाच-दोनची. ती दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. दुसरी चूक मोठी आहे. तुम्ही एका ऑर्डरीला एकच तारीख ठेवलीत.”

त्यांनी सांगितले की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका ऑर्डरीला निदान पाच तारखा असतात. गिऱ्हाइकाने मागितलेली, आपण कबूल केलेली, माल तयार व्हायची, गाडी निघायची, आणि खरोखर निघाली ती. माल द्यायच्या तारखेवरून मागे मागे मोजत काम कधी सुरू करायचे हे संगणक काढून देतो. कारखान्यांतली ही मोजणी संगणकावर आली ती १९६० नंतर, अमेरिकेत. जोसेफ ऑर्लिकी नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली तिच्यावर पुस्तकही लिहिले.

आत्याबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “त्यात काय नवं? लगीन काय पुढं मोजत जात्यात व्हय? मुहूर्त धरला का मागं मोजायचं. हळद कवा दळायची, पापड कवा लाटायचं, बस्ता कवा बांधायचा. मांडवाच्या दिशी पापड लाटाय बसलं तर वऱ्हाड काय खाईल?”

भाऊजी म्हणाले, “आई, तुम्हाला आमच्या कारखान्यात घेतलं पाहिजे.”

त्या रात्री आम्ही दोघांनी नवा तक्ता केला. तो कसा आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे कोणाला करायचा असेल तर करता येईल.

पहिली गोष्ट तारखेच्या लिखाणाची. संगणकाच्या पोटात तारीख म्हणजे फक्त दिवसांचा आकडा असतो. अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजणी चालते. ५ फेब्रुवारी २०२४ म्हणजे ४५३२७ आणि २ मे २०२४ म्हणजे ४५४१४. दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि माझी ऑर्डर सत्त्याऐंशी दिवस पुढे गेली, ती अशी. म्हणून संगणकाला सुरुवातीलाच भारतीय पद्धत लावून घ्यावी, आणि तारीख दिसताना महिना आकड्यात न दिसता अक्षरांत दिसेल असे करावे. टाकल्यावर एकदा मोठ्याने वाचावी. ‘पाच फेब्रुवारी, सोमवार.’ वारही जुळतो का ते भिंतीवरच्या कालनिर्णयात बघावे.

दुसरी गोष्ट रकान्यांची. मागितलेली तारीख वेगळी आणि कबूल केलेली वेगळी. त्यापुढे गाडी, तोडणी, कटिंग असे मागे येणारे रकाने. ते आकडे सूत्राने आपोआप येतात. गाडीच्या आधी दोन दिवस तोडणी, तोडणीच्या आधी अठ्ठेचाळीस दिवस कटिंग.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती मला कोणत्याही वर्गात शिकवली नव्हती. काम लांबले की संगणकातल्या पुढच्या तारखाही आपोआप पुढे सरकवता येतात. मजूर आले नाहीत, कटिंग दोन दिवस उशिरा झाली, तर तोडणी दोन दिवस पुढे, गाडीही दोन दिवस पुढे, आणि तक्ता पुन्हा नीटनेटका दिसू लागतो. पण निर्यातदाराची गाडी थोडीच पुढे सरकलेली असते? म्हणून कबूल केलेल्या तारखेला आम्ही कुलूप लावले आहे. ती सूत्राने हलत नाही. तोडणी तिच्या पलीकडे जाऊ लागली की तो चौकोन लाल होतो. लाल झाला की मी तक्ता सोडून फोन उचलते. ती तारीख बदलायची तर दोन माणसांनी बोलून बदलायची.

चौथी गोष्ट, ठरलेली तारीख आणि झालेली तारीख शेजारी शेजारी. आधी मी झालेली तारीख लिहिताना ठरलेली पुसत असे. त्यामुळे दरवर्षी आपण सगळे वेळेवर केले असेच वाटायचे. आता पुसत नाही. त्यातून एक गोष्ट कळली. पॉलिहाऊसच्या ओढ्याकडच्या बाजूला थंडी जास्त साचते. तिथले फूल बाकीच्यांच्या मागे तीन-चार दिवस राहते. यांना हे अंदाजाने ठाऊक होते, पण दोन हिवाळ्यांच्या तारखा शेजारी लिहिल्या तेव्हा त्या कडेला कटिंग किती आधी घ्यायची हे नक्की झाले.

आणि यादी नुसती संगणकात ठेवत नाही. छापून पॅकिंगच्या शेडच्या दारावर लावते. तोडणीच्या बाया येता-जाता वाचतात. २०२५ च्या जानेवारीत त्यांच्यातलीच एक म्हणाली, “वैनी, तीन तारखेच्या गाडीच्या तोडणीला रविवार येतुय, आमच्याकडं जत्रा हाय.” मी चार बाया दुसऱ्या वाडीतून आधीच सांगून ठेवल्या. ती यादी संगणकातच राहिली असती तर त्या रविवारी मी एकटीच कात्री घेऊन उभी असते.

त्या हंगामात निर्यातदाराने आणखी एका गाडीची तारीख मागितली होती. तक्ता बघून मी सांगितले, “त्या दिवशी दोन हजारच देऊ शकेन, तीन हवे असतील तर तीन दिवस नंतर.” त्याने दोन हजारांवर मान्य केले. पूर्वी आम्ही मागेल त्याला हो म्हणायचो आणि मग देवाला हात जोडायचो. मामंजी म्हणाले, “हितं आता शबूद दिला तर मोजून दिला.” मला वाटते, साऱ्या तक्त्याचे सार एवढेच आहे. संगणक दिवस मोजून देतो. पण कोणाला काय कबूल केले आणि ते जमणार नसेल तर केव्हा सांगायचे, हे घरातल्या माणसानेच ठरवायचे असते.

आत्याबाईंची गेरूची रेघ अजून गोठ्यात आहेच. या वर्षी त्यांनी मला विचारले, “तुझ्या त्या डब्यात गाय बी घाल की.” मी घातली. त्यांनी मात्र भिंतीवर ठिपके देणे सोडलेले नाही. दोन्हीकडे नोंद असलेली बरी, असे आता मीही म्हणते.

५ फेब्रुवारी २०२४ ची ओळ नव्या तक्त्यात मी मुद्दाम तशीच उतरवून ठेवली आहे. ठरलेली फुले ३०००, गेलेली २३००. दरवर्षी नवी यादी करायला बसले की आधी तीच ओळ वाचते.